जिथे भुई फाटत नाही

मे महिन्यात वऱ्हाडात कोण मरायला जातं, असा प्रश्न मला सांगलीत चौघांनी विचारला. पाचवा माझा नवरा. मी म्हटलं, कचऱ्याचा ढीग बघायला चालले आहे. त्यावर त्याने पिशवीत कांदे टाकले. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा असतो, असं त्याच्या आईचं मत होतं. मी चिडून कांदे काढून ठेवले आणि पुढे चार दिवसांनी मला त्यांची फार आठवण आली.

मी अभियंता आहे. माझं काम ऐकून लोक नाक मुरडतात, खुशाल मुरडू देत. गावाचा कचरा एका जागी साठतो, कुजतो, त्यात पाऊस मुरतो आणि तळातून काळा, उग्र रस पाझरतो. आमच्या धंद्यात त्याला लीचेट म्हणतात. तो जमिनीत उतरू नये, टाकीत गोळा व्हावा, एवढंच माझं काम. ढिगाखाली प्लास्टिकचं जाड अस्तर घालायचं, भोवती मातीचा बांध, उताराला टाकी. चार वर्षांपूर्वी अमरावती आणि अकोल्याच्या मधल्या एका छोट्या शहराच्या कचरा डेपोचा असा नकाशा मी काढला होता. सांगलीत, पंख्याखाली बसून. मातीचे नमुने कुरिअरने आले, मोजणीचा कागद टपालाने आला, आणि मी सही केली. शहराचं नाव लिहीत नाही. चूक माझी, उगाच त्यांची बदनामी कशाला?

गेल्या वर्षी तिथून एका बाईंचा तक्रारअर्ज आला होता. डेपोच्या खालच्या अंगाला त्यांचा भाजीचा मळा आणि विहीर, विहिरीचं पाणी बिघडलं. मी तीन ओळींचं उत्तर पाठवलं: हा भाग खारपाणपट्ट्यात येतो, येथील भूजल नैसर्गिकरीत्याच क्षारयुक्त आहे, डेपोतून गळती संभवत नाही. खाली परत माझी सही. यंदा एप्रिलमध्ये तिथल्या नगरपालिकेचे अभियंता इंगळे यांचा फोन आला.

"मॅडम, थे बाई आता रोज ऑफिसात येऊन बसून राह्यली. कागद ऐकत नाही ती. तुमी एकदा याच."

अमरावती

पहाटे बसमधून उतरले तेव्हा हवा बरी होती. मनात म्हटलं, लोक उगीच घाबरवतात. नऊ वाजता तोच रस्ता तव्यासारखा झाला. मुली दुचाकीवर डोक्यापासून नाकापर्यंत दुपट्टा बांधून क्लासला चाललेल्या, नुसते डोळे दिसत होते. मी उघड्या डोक्याने रिक्षात बसले तसा रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "ताई, कुठच्या तुमी? डोकं झाका ना बाप्पा, मरता काय?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्याने रिक्षा एका कापडाच्या दुकानासमोर उभी केली. आमच्याकडे रिक्षावाला मीटरवरून भांडतो. इथला माझ्या जिवावरून भांडला, आणि मी दुपट्टा घेईपर्यंत हलला नाही.

प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्या घेतल्या आणि गिला वडा खाल्ला. हा दहीवड्याचा भाऊ म्हणावा, पण अंगाने दांडगा आणि स्वभावाने तिखट. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला मी अजून एक प्लेट मागितली. तेवढ्यात इंगळे जीप घेऊन आले. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, सतत कपाळ पुसणारा माणूस. वाटेत त्यांनी एकच गोष्ट चारदा सांगितली: पाऊस लागायच्या आत गळती सापडली पाहिजे. ढिगात पाऊस शिरला की रस दसपट होईल आणि मग ती विहीर गेली म्हणून समजायचं.

"आणि या टापूत गोडी विहीर म्हणजे काय ते तुमाले नाही समजणार," ते म्हणाले. "पाच कोसात बोअर मारा, सारं खारं. तिच्या विहिरीवर नाल्याच्या रेतीचा झरा हाय. गावातली लग्नं तिच्या पाण्यावर शिजली."

'नैसर्गिकरीत्याच क्षारयुक्त' हे शब्द मला जीपमध्ये चावायला लागले होते.

सुभद्रामावशींचा मळा

सुभद्राबाई पासष्टीच्या. उंच, काटक, कपाळावर गोंदण, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर नाल्यापलीकडचा बैल थांबेल. नवरा गेलेला, लेक सुरतेला. मळा त्या एकट्याच बघतात. वांगी, पालक, सांभार. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला तिथे कळलं. मी त्यांना पहिल्याच क्षणी मावशी म्हटलं, कारण दुसरं काही म्हणायची हिंमत झाली नाही.

त्यांनी कनवटीचं प्लास्टिक काढलं. आत चार घड्या घातलेला कागद होता. माझंच पत्र.

"हे तुमी लिवलं?"

"हो मावशी."

"तुमी माही विहीर पाह्यली होती?"

"नाही."

"मंग काहून लिवलं?"

मी पत्राखालची माझी सही बघितली. आमच्याकडे अशी वेळ आली की समोरचा पाणी देतो, विषय बदलतो. वऱ्हाडात विषय बदलत नाहीत. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बरं, आल्या न आता. या." आणि विहिरीकडे चालू लागल्या.

विहीर दगडी बांधाची, सुरेख. पाणी मात्र काळपट, आणि त्यावर तेलकट साय. दोन वर्षांपासून ते प्यायचं बंद होतं. बाजारात त्यांच्या पाटीकडे बघून बायका म्हणायच्या, ही कचऱ्याची भाजी, आणि पुढे जायच्या. हे सांगताना मावशींचा तो बैल थांबवणारा आवाज खाली आला. "चाळीस वर्सं बसली मी त्या बाजारात. आता माहा पालक कोनी हातात घेऊन पाहत नाही."

त्यांनी दोन तांबे भरले. एक बोअरच्या खाऱ्या पाण्याचा, एक विहिरीचा. "वास घ्या. खारं वेगळं, अन हे वेगळं. मले तर डोळे झाकून समजते."

वास घेण्यापुरतं माझं नाक शाबूत आहे. तरी किट काढलं, दोन्ही पाण्यांत औषधाचे थेंब टाकले. नुसत्या खाऱ्या पाण्याने रंग बदलत नाही, कुजक्या कचऱ्याच्या पाण्याने बदलतो. बोअरचं पाणी तसंच राहिलं. विहिरीचं पिवळं झालं, मग तपकिरी. इंगळे कपाळ पुसायचं विसरले.

"माफ करा मावशी," मी म्हटलं. "मी चुकले."

"माफी नोको," त्या म्हणाल्या. "झरा पाहिजे मले."

चार कोरडे खड्डे

आता प्रश्न एवढाच, की रस येतो कुठून? डेपो वर, मधे दोन वावरं, खाली मळा. बांध दिसायला धडधाकट, टाकी शाबूत. मी नकाशा पसरला आणि जिथे उतार सर्वात जास्त तिथे खड्डा घ्यायला सांगितला. जेसीबी शकीलभाईंचा. पांढरी दाढी, गळ्यात ओला गमछा, आणि मशीन असं हळुवार चालवायचे जसं एखादी बाई भाकरी उलटते.

पहिला खड्डा कोरडा. दुसराही कोरडा. दुपारी आम्ही कडुलिंबाखाली पडायचो, मी कांद्याची आठवण काढायचे. तिसऱ्या दिवशी दोन खड्डे, दोन्ही ठणठणीत. आतून निघालेली काळी माती विटेसारखी. मी शकीलभाईंवर डाफरले की खोल जात नाहीत म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मशीन तर तुमच्या नकाशावरच चालून राह्यली. नकाशाले बोला."

त्या वेळी मला हसू आलं नाही. रात्री विश्रामगृहावर मात्र एकटीच हसले, आणि मग एकटीच घाबरले. पंधरा दिवसांत मृग लागणार होता आणि माझ्या हातात चार कोरडे खड्डे होते.

काळ्या जमिनीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण आमच्या कृष्णाकाठी मळीच्या रानात बारमाही पाणी, तिथे ती कळत नाही. वऱ्हाडची माती उन्हाळ्यात फाटते. फाटते म्हणजे भेगा पडतात असं पुस्तकी नाही. हात कोपरापर्यंत आत जाईल अशी फाटते. मी पहिल्याच दिवशी एका भेगेत चप्पल घालवली. शकीलभाईंनी सळईने ती बाहेर काढून दिली, तोवर मी एका पायावर उभी. सारं वावर असं जाळीदार झालेलं असतं, आणि माणसं त्यावरून खाली बघत, पाय जपत चालतात.

रोडगे

चौथ्या दिवशी मावशींनी जेवण आणायचं ठरवलं. रोडगे आणि वांग्याची भाजी. रोडगे म्हणजे कणकेचे थरावर थर घातलेले जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. त्यासाठी पाणी मावशींनी पलीकडच्या वस्तीतल्या टँकरवरून आणलं होतं. आम्ही बांधाच्या सावलीत बसलो होतो. लांबून मावशी येताना दिसल्या. डोक्यावर भरलेली टोपली, एका हातात भाजीचं भगुणं. आणि चालत होत्या झपझप, मान ताठ, समोर बघत. खाली एकदाही बघितलं नाही.

मी बघतच राहिले. भेगाळलेल्या वावरातून, डोक्यावर ओझं घेऊन, ही बाई खाली न बघता चालते कशी? आणि सरळ माझ्याकडे न येता मधूनच वळसा का घेते?

"मावशी, अशा आडव्या का आलात?"

"आडवी नाही वो. वाट हाय न तठी. अठी भुई फाटत नाही."

माझ्या हातातला पाण्याचा गडू तसाच राहिला.

"काय म्हणालात?"

"या पट्ट्यात भेगा पडत नाही. दोन उन्हाळे झाले. देवाची किरपा." त्यांनी हनुवटीने दाखवलं. पट्ट्याच्या कडेला एक दगड होता, शेंदूर लावलेला. भोवती चक्क मे महिन्यात हिरवं गवत. "सारं रान वाळते अन एवढंच हिरवं रायते, म्हनून सोनाऱ्याच्या सुनेनं दगड मांडला. आता तर नारळ फोडतात लोकं."

मी जेवण तसंच सोडून धावले. पन्नाशी उलटलेली बाई धावते तशी, म्हणजे फार वेगाने नाही, पण धावले. खरंच होतं. दोन्ही बाजूंना जमीन फाटून जाळी झालेली, आणि मधे बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीचा पट्टा, गुळगुळीत, एकही भेग नाही. वर बांधापासून निघून खाली सरळ विहिरीच्या दिशेने. जमीन फाटत नव्हती कारण खालून ओली होती. मी चार दिवस ओल शोधत होते आणि ती माझ्यासमोर रस्त्यासारखी पसरली होती.

"मावशी, इथे पूर्वी काय होतं?"

"पांदण! लगन होऊन गाडीतून याच पांदणीनं आली मी. लय चिखल व्हायचा म्हनून मंग मुरूम टाकला सरकारनं. डेपो झाला तवा वरून माती लोटली, अन गडप झाली."

पांदण म्हणजे वावरांमधला गाडीरस्ता. माझ्या कागदावरही ती होती, पण बांधाच्या पार पलीकडे. मोजणीत सरकली असावी. मी माझा बांध बरोबर तिच्या उरावर घातला होता, जिथे अस्तराची कड संपते, आणि खालचा मुरूम कचऱ्याचा रस आरामात पोचवत होता, थेट विहिरीच्या झऱ्यापर्यंत. आम्ही कागदाला देव मानलं आणि गावाने ओलीला. दोघांचीही अक्कल सारखीच!

देवा, जरा सरक

आता अडचण दगडाची. खणायचं बरोबर तिथेच. शकीलभाईंनी मशीन बंद केली. "मी नाही हात लावणार, मॅडम. उद्या काही झालं तर माह्यावर येईन." इंगळ्यांनी पुन्हा कपाळ पुसलं.

मावशी पुढे झाल्या. पदर खोचला, वाकल्या, दगडाला हात जोडले आणि म्हणाल्या, "देवा, जरा बाजूले सरक. काम चालू हाय." दगड उचलून त्यांनी आपल्या बांधावरच्या लिंबाखाली ठेवला, हात झटकले आणि शकीलभाईंकडे वळल्या. "चाल रे भाऊ. आता काहून थांबला?"

मशीनने वरची माती काढली. गुडघाभर, कमरेएवढं. छातीएवढं खोल गेलं तेव्हा बकेटला काहीतरी करकरलं. मुरूम! आणि पुढच्या ओढीसरशी खड्ड्याच्या वरच्या भिंतीतून काळी धार सुटली. असा भपकारा आला की इंगळे मागे पळाले. आणि मी, देवाशपथ, नाचले. शकीलभाई केबिनमधून हॉर्न वाजवत सुटले. आयुष्यात घाणीला बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. सापडली! मावशी नाकाला पदर लावून उभ्या होत्या, आणि पदरामागे हसत होत्या की रडत होत्या ते मला आजही सांगता येणार नाही.

मग आम्ही ते रोडगे खाल्ले. लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून, तुपात बुडवून. इंगळ्यांनी पाच खाल्ले. माझ्या सांगलीच्या भडंगाचा मला मुळीच विसर पडलेला नाही, पण ते रोडगे, ती वांग्याची भाजी, तो दिवस! पुन्हा तसं जेवण होणे नाही.

पुढचे आठ दिवस काम. पांदणीला आडवा लांब चर घेतला, खालची घट्ट चोपण माती लागेपर्यंत. चराच्या वरच्या बाजूला खडी आणि भोकांचा पाइप, म्हणजे रस पाइपात शिरून हौदात उतरेल, आणि हौदातून पंपाने परत टाकीत. खालच्या बाजूला काळ्या मातीची भिंत, ओली करून ठोकून घट्ट केलेली. पहिला तुकडा मी मोठ्या तोऱ्यात पुरा केला आणि जेवायला गेले. परत येईतो ऊन आणि वाऱ्याने भिंत तडकली होती. मी कपाळावर हात मारला.

मावशी ओरडल्याच. "मातीले उघडं काहून सोडलं? ओली हाय तवा पयलवान, वाळली का चाळनी!" त्यांनी घरून गोणपाटं आणली, भिजवली, तडकलेला तुकडा मला पुन्हा तुडवायला लावला, आणि वर गोणपाट, त्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या. त्यानंतर एक हात भिंत झाली की लगेच झाकायची आणि लगेच पुरायची. मी पदवीधर, त्या चौथी नापास, आणि त्या चरावर हुकूम कोणाचा चालला हे वेगळं सांगायला नको.

शेवटी विहीर उपसली. घाण पाणी टँकरने टाकीत नेलं. तळ दिसल्यावर वाकून पाहिलं: पश्चिमेच्या, डेपोकडच्या कपारीतून काळी रेघ अजून ओघळत होती, नाल्याकडच्या कपारीतून नितळ बारीक झरा. तीन दिवस रोज उपसा केला. तिसऱ्या दिवशी काळी रेघ वाळलेली होती. मी निघाले त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. मावशी बांधापर्यंत सोडायला आल्या, पण पत्राबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही नाही. खरी परीक्षा पावसात होती, आणि तोवर आम्हा दोघींनाही तोंड उघडायचा अधिकार नव्हता.

पुन्हा, दिवाळीच्या आधी

सारा पावसाळा मी सांगलीत बसून अकोल्याच्या पावसाच्या बातम्या वाचल्या. इंगळे फोन करायचे: हौद भरला, पंप चालू आहे, टाकी सांडली नाही. दर महिन्याला विहिरीचा नमुना अमरावतीला जायचा. लागोपाठ अहवाल चांगले आले आणि शेवटचा, पिण्यायोग्य असा शेरा असलेला, मी स्वतः हातात घेऊन मळ्यात गेले. या खेपेला पिशवीत कांदे होते. गरज नव्हती, हवा छान होती, तरी होते.

रान ओळखू येईना. सगळीकडे तूर आणि पांढरी फुटलेली पऱ्हाटी. विहीर काठोकाठ, आणि पाण्यात लिंबाचं झाड दिसत होतं. काठावर पालकाच्या जुड्या रचून ठेवल्या होत्या, बाजाराच्या.

"घेतात का लोक?" मी विचारलं.

"घेतात? भांडतात वो!" मावशींचा आवाज परत जागेवर आला होता. "सोनाऱ्याची सून म्हने, दगडाचीच किरपा. म्या म्हटलं, हाव बाई, सरकला न तो येळेवर."

त्यांनी पोहरा सोडला, तांब्या भरला, माझ्या हातात दिला. मी अहवाल खिशात चाचपला आणि प्यायले. गोड! नुसतं गोड नाही, थंड, जड, रेतीतून गाळून आलेलं. सगळा तांब्या संपवला.

"कसं हाय?"

"गोडं आहे, मावशी."

"तोंडानं नोको." त्यांनी कनवटीचं प्लास्टिक काढलं. माझं पत्र, घड्या पडून पडून मधे फाटायला आलेलं. ते त्यांनी उलटं करून विहिरीच्या काठावर ठेवलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर पालकाची जुडी ठेवली. "मांगं कोरं हाय. तठी लिव. अन सही कर, पयलीवानीच."

मी पेन काढलं. तीन ओळींच्या चुकीसाठी एक ओळ पुरली: ही विहीर मी स्वतः पाहिली, हिचं पाणी प्यायले, ते गोडं आहे. खाली सही केली.

मावशींना वाचता येतं, पण त्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. मग कागदाची घडी घातली, प्लास्टिकमध्ये ठेवली, कनवटीला खोचली, आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाल्या. जुन्या पांदणीनेच गेल्या, समोर बघत.